ग्रेटफुल डेडच्या पन्नाशीचा अल्बम कसा ऐकायचा

प्रश्न थोडक्यात असा आहे: "ग्रेटफुल डेड या अमेरिकन रॉक बँडला पन्नास वर्षं झाली म्हणून २०१५ साली शिकागोत पुनर्मीलनाच्या मैफली झाल्या, त्यांचा 'फेअर दी वेल' हा अल्बम घेतला. बँडचा मुख्य गिटारवादक-गायक जेरी गार्सिया त्यात नाही, आवाज थकलेले आहेत, लय संथ आहे. आधी १९७७ची कॉर्नेलची टेप ऐकली होती, तिच्यापुढे हे फिकं वाटलं. असे अल्बम फक्त जुन्या आठवणी विकायला निघतात का? आणि ऐकायचाच झाला, तर कसा ऐकावा?"

मी गेली सव्वीस वर्षं लाइव्ह कार्यक्रमांचं ध्वनिमुद्रण आणि मिक्सिंग, म्हणजे वेगवेगळ्या मायक्रोफोनांचे आवाज एकत्र जुळवण्याचं काम, करतो. ख्याल, नाट्यसंगीत, कॉलेजातले रॉक बँड, सगळ्यांसाठी डेस्कवर बसलो आहे. ग्रेटफुल डेडचं वेड या व्यवसायाहूनही जुनं आहे. त्यामुळे उत्तर लांबणार.

तुमची तक्रार निम्मी खरी आहे. जुलै २०१५मध्ये बासवादक फिल लेश ७५ वर्षांचे होते, ड्रमर मिकी हार्ट ७१चे, दुसरे ड्रमर बिल क्रॉइट्झमन ६९चे आणि गिटारवाले बॉब वेअर ६७चे. आवाज थकलेले आहेत, काही गाणी जुन्या लयीपेक्षा बरीच खाली उतरली आहेत, आणि काही ठिकाणी सुरुवातीच्या ओळीत दोघंजण वेगवेगळ्या जागी येतात. हे मी झाकणार नाही. पण तुम्ही ज्या टेपशी तुलना केलीत ती मुळात वेगळी वस्तू आहे, आणि सगळा घोळ तिथूनच सुरू होतो.

८ मे १९७७ रोजी कॉर्नेल विद्यापीठाच्या बार्टन हॉलमधली ती मैफल बेटी कँटर-जॅक्सन या ध्वनिमुद्रण करणाऱ्या बाईनं टिपली. स्टेजवरच्या मायक्रोफोनांवरून ती आपला वेगळा स्टीरिओ मिक्स जागच्या जागी टेपवर उतरवायची. तिच्या टेप्स इतक्या नितळ असतात की प्रत्येक वाद्य हाताच्या अंतरावर आहे असं वाटतं. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसनं जतन करण्याजोग्या ध्वनिमुद्रणांच्या राष्ट्रीय यादीत ती मैफल घेतली, ते योग्यच झालं. पण त्या टेपवर श्रोते जवळजवळ नाहीत. ऐकणारा थेट वादकांच्या मधोमध बसतो. शिकागोच्या अल्बममध्ये तुम्ही सत्तर हजारांच्या गर्दीत उभे असता. गाभाऱ्यातल्या आरतीची पालखीसोहळ्याशी तुलना करावी, तसं हे आहे.

आता प्रसंग काय होता ते सांगतो, कारण तो माहीत नसेल तर हा अल्बम उघडतच नाही. ९ जुलै १९९५ रोजी शिकागोच्या सोल्जर फील्ड मैदानावर ग्रेटफुल डेडची मैफल झाली. बरोबर एक महिन्यानं, ९ ऑगस्टला, जेरी गार्सिया गेला. तीस वर्षांत सुमारे तेवीसशे मैफली केलेल्या बँडची ती शेवटची ठरली, आणि वाजवताना ते कुणालाच माहीत नव्हतं. निरोपाची मैफल झालीच नव्हती. वीस वर्षांनी, ३, ४ आणि ५ जुलै २०१५ला उरलेले चौघे त्याच मैदानावर उभे राहिले. सोबत फिश या बँडचा गिटारवादक ट्रे अनास्टासिओ, ऑर्गनवर जेफ चिमेंटी आणि पियानोवर ब्रूस हॉर्न्सबी. हॉर्न्सबी नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला डेडबरोबर वाजवत असे, म्हणजे घरचाच. त्याआधी २७ आणि २८ जूनला कॅलिफोर्नियातल्या सांता क्लारा इथं दोन मैफली झाल्या, पण अल्बम शिकागोच्या तीन रात्रींचा आहे.

१९९५च्या त्या रात्री सुरुवात झाली होती 'टच ऑफ ग्रे' या गाण्यानं आणि शेवट झाला 'बॉक्स ऑफ रेन'नं. २०१५ला पहिल्या रात्रीचं पहिलं गाणं 'बॉक्स ऑफ रेन' होतं. जिथं धागा तुटला होता, तिथूनच तो उचलला. आणि तिसऱ्या रात्री, सगळं संपता संपता, शेवटून दुसरं गाणं होतं 'टच ऑफ ग्रे'. आणखी एक पाहा. १९९५ला ड्रम आणि 'स्पेस' हा मुक्तवादनाचा भाग संपल्यावर 'अनब्रोकन चेन' आलं होतं. २०१५च्या शेवटच्या रात्रीही ते त्याच जागी येतं. हे गाणं लेशचं. १९७४च्या अल्बमवर होतं, पण मैफलीत पहिल्यांदा वाजलं ते थेट मार्च १९९५मध्ये. म्हणजे श्रोत्यांना ते मिळालं आणि चार महिन्यांत बँडच संपला. शिकागोत ते सुरू होतं तेव्हा गर्दीतून जो आवाज उठतो, तो या सगळ्या हिशेबाचा आहे. टाळ्यांचा आवाज म्हणून तो ऐकू नका.

'बॉक्स ऑफ रेन'बद्दलही एवढं ठाऊक असू द्या. लेशचे वडील मरणपंथाला लागले होते तेव्हा त्यानं त्याची चाल बांधली, शब्द बँडचा गीतकार रॉबर्ट हंटर यानं लिहिले, १९७०च्या 'अमेरिकन ब्यूटी'वर ते आलं. तीस वर्षांच्या तरुणानं बापासाठी गायलेलं गाणं पंचाहत्तरीचा म्हातारा गातो आहे. स्वर कुठे कुठे लागत नाही. पण शब्दांना तिथं जे वजन येतं ते १९७०च्या रेकॉर्डवर येणं शक्यच नव्हतं.

आता माझ्या कामाचा भाग. लाइव्ह अल्बमच्या मिक्समध्ये सगळ्यात कठीण निर्णय गिटार किती ठेवायची हा नसतो. श्रोते किती ठेवायचे, हा असतो. हे मी हात पोळून शिकलो. बरीच वर्षं झाली, पुण्यातल्या एका मैदानावर एका कॉलेजच्या जुन्या बँडचा पंचवीस वर्षांनी एकत्र येण्याचा कार्यक्रम होता. त्यांचा ड्रमर अपघातात गेलेला, त्याच्या जागी त्याचा पुतण्या. मी स्टेजवर चोवीस चॅनेल लावले आणि श्रोत्यांसाठी फक्त दोन मायक्रोफोन. त्यातला एक जनरेटरच्या बाजूच्या खांबावर बांधला गेला. घरी येऊन ऐकतो तर त्यावर सलग पन्नास हर्ट्झची गुणगुण आणि तिच्या पटीतले सगळे सूर. तो चॅनेल टाकून द्यावा लागला. दुसऱ्या मायक्रोफोनच्या खाली एक गृहस्थ उभे होते, ते दर गाण्याला शिट्टी घालत होते. म्हणून तोही अगदी खाली ठेवला. मिक्स स्वच्छ झाला. पण बँडला ऐकवला तेव्हा त्यांचा गायक म्हणाला, "दादा, हे तर आमची तालीम वाटतंय." पुतण्यानं काकाचा प्रसिद्ध रोल वाजवला तेव्हा सगळं मैदान उठून उभं राहिलं होतं, आणि त्याचा माझ्याकडे मागमूस नव्हता. त्या रात्रीचा जीवच टेपवर आला नाही. शेवटी तो शिट्टीवाला चॅनेल मी वर आणला आणि शिट्ट्यांसकट ठेवला. तेव्हा कुठे ते गाणं त्या मैदानावरचं वाटलं. तेव्हापासून पुनर्मीलनाचा कार्यक्रम असला की श्रोत्यांसाठी किमान आठ मायक्रोफोन लावतो आणि जनरेटर कुठे आहे ते आधी चालत जाऊन पाहतो.

गंमत अशी की याच बँडनं १९७४ साली बाहेरचा आवाज मायक्रोफोनमधून कापण्यासाठी जिवाचं रान केलं होतं. त्यांची 'वॉल ऑफ साउंड' नावाची ध्वनियंत्रणा म्हणजे सहाशेवर स्पीकरांची भिंत, आणि ती वादकांच्या पाठीमागे उभी. गायकाच्या मायक्रोफोनमध्ये ती सगळी भिंत परत शिरणार, हे उघड होतं. उपाय म्हणून प्रत्येक गायकाला एकाखाली एक असे दोन मायक्रोफोन दिले, दोघांची फेज उलटी, म्हणजे एकाची लहर वर जाते तेव्हा दुसऱ्याची खाली. दुरून येणारा आवाज दोन्हींत सारखा पडतो आणि एकमेकांना खाऊन टाकतो. गायक फक्त वरच्यात गातो, म्हणून त्याचा आवाज तेवढा उरतो. मी विद्यार्थ्यांना हे दोन साध्या मायक्रोफोनांवर करून दाखवतो. तोंड जरा मागे घेतलं की आवाज पातळ आणि पोकळ होतो, म्हणून १९७४च्या टेप्सवर कधीकधी गायन तसं ऐकू येतं. अशा काटेकोर घराण्याची ही माणसं आहेत. शिकागोच्या अल्बममध्ये त्यांनी गर्दी एवढी आत येऊ दिली आहे ती निष्काळजीपणानं नव्हे.

ती किती आत आहे हे ऐकायचं असेल तर ५ जुलैचं 'नॉट फेड अवे' लावा. या गाण्याचा ठेका बो डिडली ठेका म्हणून ओळखला जातो: तीन टाळ्या, मग दोन. साधा आहे, कुणालाही जमतो, त्यामुळे अख्खं मैदान तो वाजवतं. आता आवाज सेकंदाला साधारण ३४५ मीटर जातो. स्टेजपासून शंभर मीटरवर उभ्या असलेल्या माणसाला ठेका पाव सेकंदाहून जास्त उशिरा पोचतो. दूरच्या लोकांसाठी वेगळे स्पीकर लावून त्यांना मोजून उशीर दिलेला असतो, पण त्या माणसाची टाळी पुन्हा मायक्रोफोनपर्यंत परत येते तेव्हा आणखी पाव सेकंद गेलेला असतो. म्हणून अशा मैदानात टाळीचा ठेका कधीच एका रेषेत नसतो, तो लाटेसारखा पसरतो. मिक्स करणाऱ्याकडे दोन वाटा असतात. दूरच्या मायक्रोफोनांवरचं मुद्रण वेळेत पुढे सरकवून बँडच्या रेषेत आणायचं, की टाळी चोख बसते पण मैदान लहान वाटतं. किंवा ती लाट राहू द्यायची. इथं लाट राहिली आहे. चांगल्या हेडफोनवर डोळे मिटून ऐकलंत तर टाळी समोर सुरू होऊन तुमच्या मागे जाताना जाणवेल. बँड थांबतो, टाळी थांबत नाही.

मैदानाबद्दल एक गोष्ट इथंच सांगून टाकतो. नाव तेच असलं तरी सोल्जर फील्डचं आतलं बांधकाम २००३मध्ये नव्यानं झालं, बाहेरचे जुने खांब तेवढे राखले. १९९५च्या टेप्स आणि हा अल्बम यांतली गुंज वेगळी आहे ती त्यामुळेही. मिक्सचा दोष समजू नका.

गार्सियाच्या जागेबद्दल लोक सगळ्यात जास्त बोलले आणि माझ्या मते सगळ्यात कमी ऐकलं. अनास्टासिओपुढे दोन सापळे होते. गार्सियाची हुबेहूब नक्कल केली असती तर लोक काही मिनिटं खूश झाले असते आणि मग उदास. स्वतःच्याच पद्धतीनं वाजवलं असतं तर तो फिशचा कार्यक्रम झाला असता. त्यानं महिनोन्‌महिने गाणी घोटली, आणि मैफलीत बहुतेक वेळा गार्सियाच्या वळणानं जाऊन पुढं स्वतःच्या शब्दांत बोलला. आपल्याकडे गुरूच्या पश्चात शिष्य तीच बंदिश मांडतो तेव्हा आपण काय ऐकतो? स्थायी घराण्याची, पण पुढची बढत त्याची स्वतःची. तसं ऐका. ५ जुलैचं 'आल्थिया' घ्या. पहिल्या सोलोत तो वाक्य संपवतो आणि थांबतो, खरंच थांबतो, आणि त्या रिकाम्या जागेत वेअरची तुटक, तिरकस ऱ्हिदम गिटार स्पष्ट ऐकू येते. जुन्या टेप्सवर वेअर गार्सियाच्या सावलीत असायचा. तो नेमकं काय करत आला होता, हे मला या अल्बमवर पहिल्यांदा नीट कळलं. अशी जागा सोडणं हाताच्या तयारीपेक्षा अवघड असतं.

दुसरा भाग म्हणजे ड्रम. डेडच्या मैफलीत उत्तरार्धात दोघं ड्रमर एकटे वाजवतात आणि त्यातून 'स्पेस' सुरू होतं. बरेच लोक हे न ऐकता पुढे जातात. मराठी कानानं तरी तसं करू नये, कारण या वादनाची एक मुळी थेट मुंबईच्या तबल्यापर्यंत जाते. मिकी हार्ट १९६७ साली उस्ताद अल्लारखांना भेटला आणि लयीकडे बघण्याची त्याची पद्धत तिथून पालटली. १९६९च्या 'लाइव्ह/डेड'वर ११ मात्रांत बांधलेलं गाणं आहे, त्याचं नावच 'द इलेव्हन'. पुढे मुंबईत जन्मलेले झाकीर हुसेन कॅलिफोर्नियात उस्ताद अली अकबर खाँच्या कॉलेजात शिकवू लागले. तिथल्या तालवाद्यवृंदातून हार्ट आणि झाकीरभाई यांचा 'दिगा ऱ्हिदम बँड' झाला, त्याचा अल्बम १९७६चा. १९९१च्या 'प्लॅनेट ड्रम'ला वर्ल्ड म्युझिकसाठीचं पहिलंवहिलं ग्रॅमी मिळालं, त्यातही हे दोघं होते. शिकागोत झाकीरभाई स्टेजवर नव्हते. पण हार्ट एखादी आकृती तीनदा फिरवून समेवर आणून सोडतो तेव्हा ते वळण कुठलं, हे आपल्याला सांगावं लागत नाही.

या भागात हार्ट 'बीम' नावाचं एक वाद्य वाजवतो. अ‍ॅल्युमिनियमची लांब तुळई, तिच्यावर पियानोच्या खर्जातल्या तारा, सगळ्या एकाच सुराला लावलेल्या. तिच्यातून इतका खोल सूर निघतो की मैदानात तो छातीला जाणवतो. मोबाइलच्या स्पीकरवर तो अस्तित्वातच नसतो, तुम्हाला वरची खरखर तेवढी मिळते आणि भाग कंटाळवाणा वाटतो. तुम्ही कशावर ऐकलंत ते लिहिलेलं नाही. फोनवर ऐकलं असेल तर निम्मा अल्बम अजून ऐकायचा आहे असं समजा. मोठे स्पीकर नसतील तर कान पूर्ण झाकणारे तारेचे हेडफोन घ्या, आणि सगळे इक्वलायझर बंद करा.

आता प्रामाणिकपणाचा मुद्दा. लाइव्ह अल्बम नंतर स्टुडिओत दुरुस्त करणं सर्रास चालतं, आणि डेडनंही ते केलं आहे. त्यांच्या गाजलेल्या 'युरोप '७२'वरचं बरंचसं गायन नंतर स्टुडिओत पुन्हा गायलेलं आहे. मला त्यात पाप वाटत नाही, अल्बम सुंदर आहे. पण 'फेअर दी वेल'वर तसं करायला वावच नव्हता. तिन्ही रात्रींचं थेट प्रक्षेपण झालं होतं. शिवाय या बँडचे श्रोते जगात सगळ्यात दक्ष. १९८४पासून मैफलीत टेप करणाऱ्यांसाठी बँडनंच अधिकृत जागा राखून ठेवली होती, आणि दोन तारखांच्या टेप्स शेजारी ठेवून ताडून पाहणं हा तिथं पिढ्यान्‌पिढ्यांचा छंद आहे. सूर सरळ केला असता तर आठवड्याच्या आत पकडला गेला असता. मैफल ५ जुलैला संपली, अल्बम २० नोव्हेंबरला बाजारात आला. चुका चुकांच्या जागी आहेत. माझ्या कानाला ते गाणाऱ्यांचं धैर्य वाटतं.

आठवणी विकल्या का? तिकिटं महाग होती, पैसा मोठा झाला, हे खरं आहे. पण तिकिटांची पहिली खेप बँडनं जुन्या पद्धतीनं टपालानं मागवली, आणि हजारो लोकांनी लिफाफे हातानं रंगवून पाठवले: कवट्या, गुलाब, नाचणारी अस्वलं. वीस वर्षं मनात राहिलेला निरोप कुणी असा रंगवून धाडत असेल, तर तो नुसता व्यवहार होता असं मी म्हणणार नाही.

कुठली आवृत्ती, हे थोडक्यात. तिन्ही रात्रींचा बारा सीडींचा मोठा संच आहे, ५ जुलैची तीन सीडींची आवृत्ती आहे, आणि निवडक गाण्यांची दोन सीडींची. तुमच्या वर्णनावरून तुम्ही निवडक घेतलेली दिसते. तिथंच गडबड झाली असावी. विलंबित कापून नुसता द्रुत ऐकवला तर राग उभा राहत नाही, तसंच हे. एका गाण्यातून दुसऱ्यात जाणं हीच या बँडची खासियत, आणि निवडीत तेच सांधे तुटतात. ५ जुलैची पूर्ण रात्र मिळवा. त्या रात्रीच्या शेवटाकडे लेश नेहमीप्रमाणे अवयवदानासाठी हात जोडतो. १९९८मध्ये त्याचं यकृत बदललं होतं, आणि त्यानंतरच्या आपल्या मैफलींत तो हे आवाहन करत आला होता. ऑक्टोबर २०२४मध्ये लेश गेला, त्याच वर्षी डिसेंबरमध्ये झाकीरभाईही. आता ते चार शब्द मला सहज ऐकवत नाहीत.

एका बैठकीत ऐका, मध्ये एकदाच उठा, बँड उठतो तेव्हा. सलग तीन-साडेतीन तास काढायला लागतील, रविवारची संध्याकाळ बरी. आवाज एकदा लावला की हलवू नका, कारण हळू जागा हळूच ठेवलेल्या आहेत. आणि 'नॉट फेड अवे' झाल्यावर बँड आत गेला की प्लेअर बंद करू नका. तिथं काही काळ संगीत नाही, नुसतं मैदान टाळीचा ठेका धरून गात राहतं, तीन आणि दोन, तीन आणि दोन. त्यातूनच पुढे 'टच ऑफ ग्रे' येतं आणि मग 'अ‍ॅटिक्स ऑफ माय लाइफ', त्यांची भैरवी.